भाच्याचा मामा तलाव

माझ्या नोकरीची चौतीस वर्षं जंगलात गेली. पहिली काही आलापल्लीकडं, मधली भामरागडच्या अंगाला, शेवटची मोहर्लीच्या बाजूला. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून सुटलो. एवढ्या काळात वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधल्या एकाही प्राण्याला मी हातानं खाऊ घातलं नाही, आणि हे निवृत्तीच्या भाषणात जरा छाती काढून सांगितलंही होतं. तो अभिमान गेल्या वर्षी न्यूजर्सीतल्या एडिसन गावी, भाच्याच्या दिवाणखान्यात, एका प्लॅस्टिकच्या पिचकारीनं संपवला.

भाच्यानं मामा-मामीला तिकिटं पाठवली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तिसऱ्या दिवशी जेवताना कळलं की तो, त्याची बायको आणि दोन्ही पोट्टे बारा दिवस फ्लोरिडाला चालले आहेत आणि घरी कुणीतरी हवं. घराला नाही, टाकीला. दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी दीडशे लिटरची काचेची टाकी होती. “मामा, तुम्ही फॉरेस्टचे. तुम्हाला जमेल.” या वाक्यानं मला आयुष्यभर नाडलं आहे. फॉरेस्टचा माणूस म्हटला की शेजारी त्याला न्हाणीतला साप धरायला बोलावतात, सोयरे सागवानाचा भाव विचारतात आणि भाचे काचेतला समुद्र हवाली करून निघून जातात.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत पाणी साठलेलं असतं ते बोडीत, नाहीतर मामा तलावात. हे मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत. माजी मालगुजारी तलाव, त्याची अक्षरं आखडून मामा झाले. मालगुजारांनी बांधले, सरकारनं घेतले, आणि गाळ कुणी काढायचा हे अजून ठरायचं आहे. एडिसनच्या टाकीचंही तसंच झालं. बांधली भाच्यानं, सांभाळायची मामानं. मी पहिल्याच दिवशी तिचं नाव मामा तलाव ठेवलं. भाच्याला विनोद कळला नाही. तो इंग्रजी शाळेत शिकला.

टाकीत मध्यभागी, एका दगडावर, तो होता. हॅमर कोरल, एक प्रवाळ. सात डोकी. प्रत्येक डोक्यातून बोटभर लांबीच्या, हिरवट, लुसलुशीत शुंडा बाहेर आलेल्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला आडवी फिक्कट गाठ, म्हणजे थेट हातोडी. शंभर-दीडशे हातोड्या पाण्यात संथ डोलत होत्या आणि ठोकत काहीच नव्हत्या. आमच्या मंडळींनी चष्मा वर करून नीट पाहिलं.

“हे त सरगुंडे होय,” ती म्हणाली. “आमरसासंगं खाचे.”

“मामी, तो प्राणी आहे,” भाचा म्हणाला.

“प्राणी? अन् तोंड कुठी हाय याचं?”

तोंड मधोमध असतं, शुंडांच्या गर्दीत लपलेली एक फट. खायचं तिथूनच आणि नको ते टाकायचंही तिथूनच. हे ऐकल्यावर मंडळींनी सरगुंड्यांची उपमा परत घेतली.

मग चार्ज देणं-घेणं झालं. मी आयुष्यात अनेक चार्ज घेतले. त्यांत बहुतेक वेळा एक मोडकी सायकल, दोन बॅटऱ्या आणि जाळरेषेचा नकाशा असायचा. इथं चार पानं होती. पाण्याची क्षारता ३५, म्हणजे हजार भागांत पस्तीस भाग मीठ. कॅल्शियम ४२० च्या आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या, अल्कता साडेआठ. प्रकाश मध्यम. प्रवाह असा की शुंडा डोलल्या पाहिजेत, झोडपल्या जाता कामा नयेत. एखाद्या डोक्यावर तपकिरी चिकट जेली दिसली तर ते डोकं ताबडतोब बाजूला काढायचं, नाहीतर रोग बाकीच्यांना धरतो. आणि तापमान ७८.

मी पुन्हा वाचलं. ७८. चंद्रपूरचा माणूस मे महिन्यातल्या ४६-४७ ला घाबरत नाही. दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो आणि कामाला जातो. पण ७८ म्हणजे भाजी शिजते. मी धावत जाऊन टाकीत बोट घातलं. पाणी कोमट. नंतर भाच्यानं सांगितलं की इथं फॅरनहाइट चालतं, म्हणजे आपलं साडेपंचवीस. आणि टाकीत बोट घालण्यापूर्वी हात साबण न लावता धुवायचा असतो, हे तिसऱ्या पानावर होतं.

कॅल्शियमचं प्रकरण मात्र मला ओळखीचं वाटलं. हे जनावर पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून अंगाखाली दगड रचत बसतं. तोच कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली चुनखडी. आमच्या कोरपना-राजुऱ्याच्या पट्ट्यात ती इतकी आहे की गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस इथं सिमेंटचे कारखाने उभे राहिले. ती चुनखडीही एका समुद्रातच साचली होती, प्रवाळ नावाची गोष्ट जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे समुद्र आमच्याकडं येऊन गेला आहे. आम्ही जन्मायला उशीर केला. आमच्या कारखान्यांना त्या दगडाचं सिमेंट करायला चौदाशे-साडेचौदाशे अंशांची भट्टी लागते. हा गडी साडेपंचवीस अंशांत, धूळ न उडवता, आवाज न करता बांधकाम करतो. फक्त वेग विचारू नका. वर्षाकाठी एखाददुसरं डोकं वाढलं तर भाचा पेढे वाटतो.

डोकं वाढतं ते दुभंगून. एकाची दोन तोंडं होतात, मग खाली दगडाची फांदी फुटते. फांदीवाल्या जातीत ती फांदी कापून दुसरीकडं लावली की तिकडं नवा संसार सुरू. बाजारात विक्रीही डोक्यावर होते. एका डोक्याला इतके डॉलर. भाच्यानं दोन डोकी आणली होती, त्याची सात झाली. या कापाकापीवर मंडळींनी नाक मुरडलं, पण मला त्यात गैर काही दिसलं नाही. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरची फांदी कापून गडचिरोली जिल्हा असाच लावला होता. दोन्ही तगले.

नावाचंही तसंच. पूर्वी याला शास्त्रज्ञ युफिलिया म्हणत. २०१७ च्या सुमारास अभ्यास झाला आणि हा फिम्ब्रियाफिलिया झाला. दुकानदार अजून युफिलियाच म्हणतात. चांद्याचं चंद्रपूर होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्याकडचे म्हातारे अजून चांद्यालाच जातात.

भाच्याचं बिऱ्हाड फ्लोरिडाला गेलं. घरात आम्ही दोघं आणि सात डोकी.

खाणं घालणं हे पहिलं काम. याचं निम्मं-अधिक पोट खरं तर उजेडावर भरतं. अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडात साखर तयार करतं आणि त्यातली बहुतेक मालकाला देऊन टाकतं. असा बटईदार आमच्या ब्रह्मपुरीकडं धानाला मिळाला तर लोक त्याची पूजा करतील. पण पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापलं आणि आठवडेच्या आठवडे तापलेलंच राहिलं की मालकाचं डोकं फिरतं. तो बटईदाराला हाकलून देतो, स्वतः पांढराफटक पडतो आणि वावर मोकळं टाकून उपाशी बसतो. भाचा पोरांना घेऊन ज्या फ्लोरिडाला प्रवाळ दाखवायला गेला होता, तिथं जुलै २०२३ मध्ये मॅनेटी बे नावाच्या उथळ खाडीत पाणी ३८ अंशांवर गेलं होतं. ३८ म्हणजे आमच्याकडं मार्चमधली बरी दुपार. तिकडं मात्र त्या उन्हाळ्यात प्रवाळांचे मढे पडले.

तर शेवाळाच्या साखरेवर आठवड्यातून दोनदा वरून खुराक. बर्फातल्या बारीक कोळंबीची वडी वितळवायची, पिचकारीत भरायची, प्रवाह बंद करायचा आणि एकेका डोक्यावर हलकेच सोडायची. मी पहिल्या डोक्यावर कोळंबी सोडली. पाच-सहा हातोड्यांनी ती धरली. मग बराच वेळ काही नाही. मग त्या हातोड्या एकेक करून आत वळल्या, घास दुसऱ्या हातोड्यांकडं, तिथून तिसऱ्या, असा टेबलाटेबलावरून सरकत फटीपाशी पोचायला लागला. सरकारी फाइल मी इतक्या जवळून आणि इतक्या सुंदर हिरव्या रंगात हलताना कधी पाहिली नव्हती. पंधरा मिनिटांनी घास फटीशी आला. तेवढ्यात दगडामागून लाल-पांढऱ्या पट्ट्याचा एक झिंगा आला, फटीत पाय घातला, कोळंबी ओढून काढली आणि निघून गेला. हातोड्या जागच्या जागी डोलत राहिल्या. एकही उगारली गेली नाही.

“चोर!” मी ओरडलो.

“तुमाले घरी कुत्रं पाळाले सांगतलं त नाही म्हणलं,” मंडळी सोफ्यावरून म्हणाली, “अन् इथी दगडाचा घास राखून राहिले.”

दुसऱ्या वेळेपासून मी डाव्या हातात चमचा ठेवला. उजव्या हातानं पिचकारी, डाव्यानं झिंग्याला अटकाव. अतिक्रमण हटवण्याचा चौतीस वर्षांचा अनुभव होता, तरी झिंगा सरस निघाला. त्यात एक नारिंगी विदूषक मासा. त्याला घर म्हणून समुद्रफूल लागतं, ते टाकीत नव्हतं, म्हणून त्यानं हॅमरलाच दत्तक घेतलं होतं. दिवसभर त्या शुंडांत अंग घासत पडून राहायचा आणि मी हात घातला की बोटाला चावायचा. वाघाच्या हद्दीत पायी फिरलेल्या माणसाला बोटभर मासा चावतो, हे मी चंद्रपुरात कुणाला सांगितलेलं नाही.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून रात्रभर प्राणी मोजायचे, हे माझं नोकरीतलं सगळ्यांत आवडतं काम. हलायचं नाही, खोकायचं नाही, विडी नाही. एडिसनला पाचव्या रात्री झोप येईना. मी दिवाणखान्यात खुर्ची ओढली आणि अंधारात टाकीसमोर बसलो. मोठा दिवा दहालाच विझला होता, बारीक निळा उजेड होता. दिवसा ऐसपैस पसरलेली डोकी आता आखडली होती. सगळं निजलं असं वाटलं. मग एका डोक्यातून एक धागा निघाला. हातोडी नसलेला, बारीक, टोकाला पांढरा ठिपका. तो प्रवाहासोबत लांबत गेला, लांबत गेला, वीतभर झाला. मग दुसरा. ते धागे अंधारात चाचपत होते. उजव्या बाजूला एक ताटलीसारखं प्रवाळ होतं. एक धागा तिच्या काठाला टेकला आणि तिथंच थांबला.

सकाळी ताटलीच्या त्या काठाला नखाएवढा पांढरा डाग होता.

तेव्हा मला हा प्राणी कळला. वाघ झाडाच्या बुंध्यावर फवारा मारून हद्द सांगतो. वास घेणारा शहाणा असेल तर वळून जातो. हा जागचा हलू शकत नाही, शेजारीही हलू शकत नाही, म्हणून रात्री दंश करणारे धागे सोडून शेजाऱ्याला भाजून काढतो. दिवसा डोलणारे, रात्री बांध कोरणारे. आमच्या गावात अशी दोन घरं आहेत. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “ताटली वीतभर लांब सरकवा मामा.” मी सरकवली आणि दैनंदिनीत नोंद केली: हद्दीचा वाद, मोक्यावर मिटवला.

खरी चूक यानंतरची, आणि ती सर्वस्वी माझी. टाकीतलं पाणी रोज तीन-सव्वातीन लिटर उडायचं. ते भरणारं यंत्र सहाव्या दिवशी बंद पडलं. खाली तळघरात दोन पिंपं होती. एकात शुद्ध आरओचं पाणी, दुसऱ्यात समुद्री मीठ कालवून तयार ठेवलेलं. मी विचार केला: समुद्र कमी झाला, तर भर समुद्राचीच घालायला पाहिजे. आरओचं गोडं पाणी घातलं तर समुद्र फिका पडेल. पाच दिवस मी निष्ठेनं खारं पाणी ओतत राहिलो.

पाचव्या दिवशी सातही डोकी आत गेली. शुंडा नाहीत, हातोड्या नाहीत. दगडी नळीच्या तोंडाशी पात्यांसारख्या कडा उघड्या दिसायला लागल्या. विदूषक मासा बेघर होऊन कोपऱ्यात उभा. मंडळी म्हणाली, “मेलं का जी?” मी तपासणीची दुर्बीण काढली, दोन थेंब टाकून उजेडाकडं धरली. क्षारता ३९ ला टेकली होती.

भाच्यानं फोनवर आवाज न चढवता विचारलं, “मामा, उन्हात मिठागर असतं ना, तिथं उडून काय जातं?”

“पाणी.”

“आणि राहतं काय?”

मी फोन कानापासून लांब धरला. आम्ही मिठागर पाहिलेली माणसं नाही. पण आमच्याकडं रस्सा आटला तर त्यात कुणी पुन्हा मीठ घालत नाही, साधं पाणीच घालतं, एवढं तर मला कळायला हवं होतं. मंडळींना ते एका क्षणात कळलं आणि त्यांनी ते मला पुढचे दोन दिवस सांगितलं. उपाय सोपा निघाला: रोज आठ लिटर टाकीतलं काढायचं, आठ लिटर आरओचं घालायचं, घाई करायची नाही; खारटपणा एकदम उतरवला तर तोही धक्का बसतो. दोन दिवसांत जवळपास तेवढंच पाणी काढलं जेवढं मी घातलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी एका डोक्यातून तीन हातोड्या बाहेर आल्या. मी मंडळींना झोपेतून उठवून दाखवल्या. ताडोब्यात वाघिणीची पिल्लं पहिल्यांदा दिसली होती तेव्हाही मी कुणाला उठवलं नव्हतं.

त्याच सकाळी मला ते आठवलं. २००१ साली केंद्रानं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये प्रवाळं घातली. दगड रचणारी झाडून सगळी, काळी प्रवाळं, समुद्रपंखे, सगळी. मी ती नोंद पाठ केली होती. नव्या पोरांकडून म्हणवूनही घेतली होती. वाघ, बिबट, अस्वल, असं करत करत “रीफ बिल्डिंग कोरल, सर्व स्क्लेरॅक्टिनियन”. आम्ही ती अशी म्हणायचो जशी शाळेत दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांची नावं म्हणायचो. २०२२ ला कायदा सुधारला, अनुसूच्यांची मांडणी बदलली, तरी वाघ आणि प्रवाळ एकाच यादीत आहेत. म्हणजे चंद्रपुरात हॅमर पाळणं आणि वाघ पाळणं, कलम एकच: तीन ते सात वर्षं. तिकडं अमेरिकेत साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराचे कागद असले की व्यापार चालतो, आपल्या लाकडाच्या वाहतूक परवान्यासारखा. इकडं टाकीच नको. त्यामुळं भाच्यानं “एक डोकं घेऊन जा मामा” म्हटलं, तेव्हा मी उभा राहून नाही म्हटलं. कायदा नसता तरी मे महिन्यात वीज चार तास गेली असती, आणि मग त्याचे खरंच सरगुंडे झाले असते.

आणि कारभार पाहाल तर गंमत आहे. २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरून प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडं लावल्या. काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं केलं. पण वन्यजीव म्हणजे वनविभाग, आणि राज्याचे वन्यजीवांचे मुख्य साहेब बसतात नागपूरला. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, तेही वन्यजीवच. सगळा समुद्र एका बाजूला आणि त्याच्या प्रवाळाचा साहेब विदर्भात, संत्र्याच्या गावी. मला हे फार आवडतं.

परत आल्यावर चौथ्या दिवशी साळ्याकडं जेवायला गेलो. चंद्रपुरात, तुकूमला. जेवण झाल्यावर सोफ्यावर टेकलो आणि समोरच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं पंधरा वर्षांपासून एक फ्रेम आहे. काचेमागं लाल मखमल, त्यावर काळी, जाळीदार, पंख्यासारखी फांदी. इंद्रजाल. जत्रेत एका बाबानं दिली होती. समुद्राच्या तळची जडी आहे, घरात असली की नजर लागत नाही, कोर्टकचेरी होत नाही. त्या फ्रेमखाली बसून मी पंधरा दिवाळ्या चकल्या खाल्ल्या. गणवेशातसुद्धा.

मी उठून जवळ गेलो. चष्मा पुसला. ती कुठल्याही झाडाची मुळी नव्हती.

“भाऊ, हे जनावर आहे,” मी म्हणालो. “प्रवाळ. मेलेलं. इंद्रजाल म्हणून विकतात ते काळं प्रवाळ नाहीतर समुद्रपंखा असतो. अनुसूची एक.”

साळा हसला. मग माझ्या तोंडाकडं पाहून थांबला. “म्हंजे?”

“म्हणजे वाघाचं कातडं लावल्यासारखं.”

“काय बोलता जी जावई! कोर्टकचेरी होऊ नये म्हणून त लावलं!”

“माह्या भावाले आत टाकता का आता?” मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाली.

कुणाला आत टाकायचा अधिकार माझ्याकडं उरलेला नाही. वनविभागाच्या कार्यालयात नेऊन दे, मी सोबत येतो, एवढं सांगितलं. तो हो म्हणाला. गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. फ्रेम तिथंच आहे. फक्त तिच्यावर आता एक मोठं कॅलेंडर टांगलं आहे, ताडोब्याच्या वाघाचं. ते मीच त्याला दिवाळीला दिलं होतं.